गमी म्हणजे खाद्य नव्हे

कचेरीतून रिटायर झालो, तेव्हा किस्से संपले असं वाटलं होतं. पण अमेरिकेत अल्फारेटाला आलो, पुतण्याच्या, म्हणजे मिलिंदच्या ग्रोसरीत रोज सकाळी बसू लागलो आणि कळलं, नियम असेल तिथे किस्से साठतातच.

मिलिंद डाळ-तांदळाबरोबर हेम्पच्या गमी, म्हणजे चघळायच्या जेलीच्या गोळ्या, आणि कॅनमधली पेयंही विकतो. हेम्प म्हणजे आपल्या भांगेचीच जात. थोडी नशा, पण कायदेशीर. त्याला राज्याचं लायसन्स लागतं. दुकान याच मालावर तगलंय, म्हणून ती फाइल माझ्याकडे आली.

*

नियम वाचले. हेम्प घातलेलं बिस्किट विकायला बंदी, कारण ते खाद्य. गमी चालते, कारण ती खाद्य नाही.

"काका, मग ती काय आहे?" मिलिंदने विचारलं.

मी तीस वर्षं महसूल खात्यात काढली आहेत. म्हणालो, "असं विचारणाऱ्याची फाइल अडकते."

*

एकवीस वर्षांखालच्याला विक्री नाही. डॉक्टर गोखले, वय अठ्ठ्याहत्तर, कॅन घ्यायला आले. मी आयडी मागितला.

"भाऊसाहेब, माझ्याकडे बघून कळत नाही?"

"मला कळतं. रजिस्टरला डोळे नसतात."

ते ड्रायव्हिंग लायसन्स आणायला गाडी घेऊन घरी गेले. म्हणजे आले होते ते लायसन्सशिवायच. त्याची मी नोंद केली नाही.

*

गमीचे डबे चाइल्डप्रूफ असतात. झाकण दाबून फिरवल्याशिवाय निघत नाही. डॉक्टरांच्या मालतीवहिनींना ते फार पसंत पडले. वहिनी हसत नाहीत. पसंत पडलं की मान हलवतात. रिकामा डबा धुऊन त्यांनी त्यात हिंग ठेवला. दुसऱ्यात बडीशेप भरून तो दुकानाच्या काउंटरवर ठेवला, गिऱ्हाइकांसाठी. लेबल काढायचं राहिलं.

*

आणि इन्स्पेक्टरबाई आल्या. भिंतीवरचं लायसन्स, रजिस्टर, सगळं पाहिलं. सही करणार, तेवढ्यात वहिनींनी त्या डब्यातली बडीशेप एका गिऱ्हाइकाच्या छोट्या मुलीपुढे धरली.

बाईंनी डबा ताब्यात घेतला. लॅबमध्ये पाठवणार, रिपोर्ट येईपर्यंत लायसन्स बंद, म्हणाल्या.

वहिनींनी बाईंच्या हातातल्या डब्यातून दोन मुठी बडीशेप तोंडात टाकली आणि तांदळाच्या पोत्यावर बसल्या. त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "नशा चढली की माणूस हसतं. बघत बसा."

बराच वेळ बाई बघत बसल्या. वहिनींचा चेहरा हलला नाही. मग डॉक्टर आले, प्रकार ऐकला आणि म्हणाले, "मॅडम, थांबू नका. ही हसेल म्हणून मी सेहेचाळीस वर्षं थांबलोय."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी डबा परत दिला, सही केली, पेन खिशाला लावलं.

आणि वहिनी हसल्या. आधी गालात, मग पोट धरून, पार पोत्यावरून घसरेपर्यंत.

बाईंनी पेन पुन्हा काढलं.