मान पुन्हा जोडल्यानंतर

गिरगावातली खोली विकून आम्ही बेव्हर्ली पार्कला राहायला आलो, तेव्हा तिथे रोज दुपारी लाइट जायची. घरात जीव घुसमटायचा, म्हणून बिल्डिंगमधल्या आम्ही पाच-सहा बायका जिन्यात वाऱ्याला बसायचो. कुणी मेथी निवडायचं, कुणी मटार सोलायचं. मी पुराणातल्या गोष्टी सांगायचे, पण त्यातल्या बायकांच्या बाजूने. शापाने दगड झालेलीला ऊन लागत असेल का, असं काहीतरी. ‘काकू, तुमचं आपलं भलतंच,’ म्हणत बायका हसायच्या, पण उठायच्या नाहीत.

एकदा मी त्या ऋषीच्या बायकोची गोष्ट घेतली. नदीवर पाणी आणायला गेलेली ती जलक्रीडा करणाऱ्या राजाकडे क्षणभर बघत राहिली. तेवढ्यावरून ऋषीने मुलाला तिचं डोकं उडवायला सांगितलं. मुलाने उडवलं. बाप प्रसन्न झाला, वर माग म्हणाला. मुलाने मागितलं, आई जिवंत होऊ दे आणि तिला यातलं काही आठवू नये.

“पण ती उठून बसली, तेव्हा समोर कुऱ्हाड घेऊन तोच उभा होता,” मी म्हटलं.

“तिला सगळं आठवत होतं,” चौथ्या मजल्यावरची म्हणाली. ती कधी फारशी बोलायची नाही. “तिने दाखवलं नाही, एवढंच.”

लाइट आली, बाकीच्या उठून गेल्या. ती बसून राहिली. मग सांगितलं. बाजारातून यायला उशीर झाला म्हणून नवऱ्याने संशय घेतला, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला म्हणाला, “हिला जरा अक्कल शिकव.” मुलाने तिचं डोकं ओट्यावर आपटलं. त्याच आठवड्यात बापाने त्याला मोबाइल घेऊन दिला.

“माहेरी कळवलंस?”

“आई म्हणाली, पोटचं पोर आहे, विसरून जा.”

मी पोलिसांत जाऊ म्हटलं. ती नको म्हणाली. वर जाऊन नवऱ्याशी बोलले, तर तो दारातूनच म्हणाला, “काकू, तुम्ही आपलं देवाधर्माचं बघा.” त्यानंतर तिचं जिन्यात येणं बंद झालं.

पुढे मुलगा नोकरीला लागला, त्याचं लग्न ठरत आलं. मुलीकडचे घर बघायला आले, तेव्हा पाणी द्यायच्या निमित्ताने तिने मुलीला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. चार दिवसांनी नकार आला. का, ते नवऱ्याला कळलं. संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभी.

“हाकललं?”

“हो. पोरानेच. बाप नुसता बसला होता.”

आठवडाभर ती माझ्याकडे राहिली, मग जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत विधवा बहिणीकडे गेली. तिथे साड्यांना फॉल-बिडिंग करायची. मुलगा कधी फिरकला नाही. मी गेले की ती चहा टाकायची, आणि पाठमोरीच विचारायची, “तो दिसतो का हो? जेवतो ना नीट?”