गडग्यावरचा तांडेल

आमच्या आळीत कोणी गेलं की चार दिवस सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मग कुणीतरी हळूच एक किस्सा काढतं. त्याला दुसरा जोडला जातो, मग तिसरा, आणि ढीग साठतो! रुकमाकाकीचा बोका जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण विहिरीवर दोघी जमल्या की त्याचं नाव निघतंच. त्यातले सगळ्यांत जास्त किस्से माझ्याकडे. तिच्या आणि माझ्या घरात फक्त एक गडगा, कमरेएवढा, चिऱ्यांचा. आणि माझे कान नेहमी गडग्याच्या पलीकडे असतात, असं लोक म्हणतात. म्हणू देत!

रुकमाकाकी रोज सकाळच्या एसटीने वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकायला जायची. नवरा केव्हाच वारलेला, मुलगा अनिल मुंबईला नोकरीला. घरात ती आणि बोका. लहानपणी तो किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या टोकावर ऐटीत बसायचा, म्हणून होडीच्या कप्तानाचं नाव त्याला पडलं, तांडेल.

मोठा झाल्यावर त्याची होडी म्हणजे आमचा गडगा. तिथे कावळा उतरलेला त्याला खपायचा नाही. म्हाळाच्या दिवशी कावळ्याचं पान मला पार फणसाखाली नेऊन ठेवावं लागायचं!

"काकी, तुझ्या बोक्यापायी आमचे पितर उपाशी रवतले," मी म्हणायची.

"रवांदेत. जिवंत हुते तेव्हा खूप खाल्ल्यानी!"

*

म्हातारपणी तांडेलाचे दात पडले. वजन उतरलं. सारखा पाणी प्यायचा आणि पाण्याच्या भांड्यापाशीच झोपायचा.

एकदा मी बाजारात काकीच्या शेजारी टेकले होते. एक शिकलेल्या घरच्या बाई आल्या. पाटीत कोपऱ्याला झाकून ठेवलेले मुडदुशे त्यांच्या नजरेत भरले. मुडदुसा म्हणजे हलका मासा, आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात.

"हे द्या. सून बाळंत झालीय."

"ते विकूचे नाय. माझ्या घराक पेशंट आसा."

"अगं बाई! कोण?"

"बोको."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बोक्यासाठी माझ्या सुनेला नाही म्हणता?"

"तुमच्या सुनेच्या तोंडात दात आसत मा? मगे सुरमय न्हेया!"

*

खाणं सुटलं तेव्हा त्याला गुरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी सोबत. काकीने त्याला मासळीच्याच पाटीत ठेवला, वर जुनं लुगडं घातलं. एसटीत चढतो तोच कंडक्टर ओरडला, "काकी, पाटी टपावर!"

"हेच्यात मासळी नाय रे. मासळी खाणारो आसा!"

त्याने लुगडं उचलून बघितलं. नुसती हाडं आणि दोन डोळे. रोजच्या ओळखीचा माणूस, जरा चपापला. मग उगीच हसवायला म्हणाला, "मगे, हेचा तिकीट?"

काकी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अर्धा फाड. अर्धोच उरलोहा."

*

डॉक्टर तरुण होता, घाटावरचा. गाई-म्हशींत हात बसलेला, मांजर बघून जरा बावरला. पण तपासलं मात्र नीट.

"मावशी, मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मासे बंद करा."

"मासे बंद? मगे काय वांगी घालू तेका?"

डॉक्टर हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "त्याला त्रास होतोय. एक इंजेक्शन असतं. शांत झोपेल."

काकीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने पाटीवर लुगडं ओढून घेतलं.

"बैलांचा औषध आसतला मा तुमच्याकडे? मगे खूप आसतला. दोघांका पुरात. माका पण देया."

डॉक्टरने सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली. फाटकापर्यंत सोडायला आला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना एकटं ठेवू नका."

*

फोन तेव्हा आमच्याकडेच. अनिलचा दर रविवारी यायचा. "आई, आता मासे विकणं पुरे. तुझे गुडघे गेले, चक्कर येते. इकडे ये."

काकीचं उत्तर ठरलेलं. "तांडेल जिवंत आसा तवसर मी खंयच येवचंय नाय."

आई फोनवर यायच्या आधी अनिल माझ्याशी दोन शब्द बोलायचा. "वैनी, बोको कसो आसा?" मला कौतुक वाटायचं, बघा, मुंबईत राहूनही पोराला मांजराची आठवण! एका रविवारी मात्र त्याने विचारलं, "वैनी, बोको अजून आसा?"

ते 'अजून' माझ्या कानात रुतलं. मी म्हटलं, "आसा. तुझ्या आवशीइतकोच आसा."

त्या रविवारी त्याने फोन लवकर ठेवला.

*

शेवटी शेवटी काकीने बाजारात जाणं सोडलं. चूल पेटायची ती त्याच्या पेजेपुरती. मीच भांडले, "जा गो, चार माणसांची तोंडां बघ. मी बसतंय हेच्याकडे." कशीबशी गेली.

तांडेल पाटीत पडला होता. ऊन वर आलं तशी त्याने मान उचलली, गडग्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली. मला वाटलं झोपला.

दुपारी काकी आली. हातात पानात गुंडाळलेला एक मुडदुसा. अंगणातूनच विचारलं, "पेज घेतल्यान?"

मी उंबऱ्यावर उभी. पेजेची भरलेली वाटी तशीच पुढे धरली.

तिने तो मासा पाण्याने धुतला. नीट, दोन्ही बाजूंनी. मग धुवून कशाला, हे ध्यानात आलं असावं. तशीच हातात घेऊन बसली.

शेजारच्या बाबलने माडाच्या मुळाशी खड्डा खणला. पुरताना घालतात तसं मीठ आणलं, तर काकीने त्याचा हात धरला.

"मीठ नको रे घालू. खारवलेला तेका आवडा नाय!"

बाबल ट्रॉलरवर काम करणारा आडदांड गडी. मिठाची पिशवी तिथेच टाकून माडाआड जाऊन उभा राहिला.

*

आणि मग काकीने त्याचा दहावा घातला!

"माणसाचो करतत, मगे तेचो कित्या नको?" ती म्हणाली. भटजींना विचारायची सोयच नव्हती. केळीच्या पानावर भात आणि तळलेला बांगडा घालून तिने ते पान गडग्यावर ठेवलं, त्याच्या जागेवर. कावळा शिवला की सुटला. अनिल मुंबईहून आला होता, आईला न्यायलाच. बाबल होता, मी होते. चौघं अंगणात हात जोडून उभी.

कावळे माडावर ही गर्दी! ओरडून ओरडून कान किटवले. पण गडग्यावर उतरायचं नाव नाही. आयुष्यभर ज्या जागी मार खाल्ला तिथे उतरणार कोण?

काकीला ते सांगून पटेना. "तेची इच्छा रवलीहा," एवढंच धरून बसली. इच्छा राहिली की जिवंत माणसांनी शब्द द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मग दिला एकेकाने.

बाबल म्हणाला, "तांडेला, तुझ्या माडाक मी पाणी घालतलंय."

कावळे जागचे हलेनात.

मी म्हटलं, "तुझ्या जाग्यार दुसरा माजर बसूक देवचव नाय!"

काही नाही. ऊन डोक्यावर आलं. बांगडा सुकायला लागला.

अनिल पुढे झाला. हात जोडलेले, पण मान खाली. "तांडेला, आवशीक मी सांभाळतलंय. तिका मुंबयत काय कमी पडूचा नाय."

एक कावळा खालच्या झावळीवर आला. तिथेच थांबला.

काकी सगळ्यांना बाजूला सारून गडग्यापाशी गेली. डोळे पुसले नाहीत. त्या रिकाम्या जागेकडे बघत, रोज त्याच्याशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "माझी काळजी लागलीहा मा तुका? बरा. नाय रवचंय मी एकटी. जातंय मी मुंबयक."

कावळा झपकन उतरला आणि बांगडा घेऊन गेलासुद्धा!

काकी पानावरच्या भाताकडे बघत राहिली.

"मेल्या," ती म्हणाली, "इतकी घाई हुती तुका?"