साडीचोळीवर मिटलेलं

चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श शिकवायची पाळी आली की आमच्या शाळेत सगळे माझ्याकडे बघतात. गुरुजी मंडळींना लाज वाटते. मी मात्र खणखणीत आवाजात सांगते, "कुणी असं वागलं तर लगेच सांगायचं. घाबरायचं नाही. चूक तुमची नसते." पोरं माना डोलावतात. चिखलीच्या त्या शाळेत माझ्याइतकी धीट बाई दुसरी नाही, असं सगळे म्हणतात. घरी आल्यावर मला माझीच शरम वाटायची, कारण त्यातलं एकही वाक्य मी स्वतःला कधी लागू केलं नव्हतं.

मी चौथीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जानेफळकडच्या एका गावी, आईच्या चुलतभावाकडे राहायला गेले होते. मी त्याला मामा म्हणायचे. त्या सुट्टीत त्यानं माझ्यावर अत्याचार केला. काय केलं ते इथे लिहिणार नाही. पण परत आल्यावर मी आईला सांगितलं होतं, हे मात्र ठळक लिहिते. पोरी सांगत नाहीत, असं लोक उगाच म्हणतात. मी सांगितलं होतं.

आईनं तिच्या वडिलांच्या कानावर घातलं आणि आजोबांनी घरातल्या घरात बैठक बसवली. आमच्याकडे नात्यातलं भांडण असंच मिटतं, मग ते बांधाचं असो की कुणी कुणाला शिवी दिल्याचं असो. माझंही त्याच मापानं मोजलं गेलं. मामा खाली बघत म्हणाला, "चूक झाली माह्याकून." मामीनं आईची ओटी भरून साडीचोळी दिली, मला लाल फ्रॉक दिला. सगळ्यांच्या हातावर गूळ आला. मग आई मला म्हणाली, "मामाच्या पाया पड." मी पडले.

तो फ्रॉक मला आवडला होता. त्याला पांढरी झालर होती आणि तो घालून मी गल्लीभर मिरवले होते. इतकी वर्षं मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची. मामाची नाही, बैठकीची नाही, त्या फ्रॉकची. फ्रॉक घेतला, गूळ खाल्ला, म्हणजे मीच पावती दिली, असं मला वाटायचं. पुढे प्रत्येक लग्नात मामा भेटला आणि प्रत्येक लग्नात मी वाकून नमस्कार केला. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणायचा, "तुझा मामा भारी माणूस आहे हं." मी पोळ्या वाढत राहायचे.

यंदा परीक्षा संपत आल्या तेव्हा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "तुह्या भावानं ठरवलं. पोरीले सुट्टीत तुह्या मामाकडे धाडून राह्यला."

माझी भाची तिसरीत आहे. मी ओरडलेच, "आई, तुला काही आठवतं का?"

ती म्हणाली, "आता कायले उकरतं ते? मिटलं ना तेव्हाच."

मला संताप आला. पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी बी.एड. झालेली बाई, वर्गात कायदा सांगणारी, आणि माझ्या डोक्यातही ती साडीचोळी कोर्टाच्या निकालासारखी बसली होती. भावाला फोन करून पोरीला पाठवू नकोस एवढंच म्हणाले. कारण सांगितलं नाही. "बघू," म्हणाला तो.

म्हणून मी बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात गेले. तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, हे मीच पालक सभेत सांगत असते. स्वतःसाठी जाताना तोंडाला स्कार्फ बांधला होता. उन्हाचं निमित्त होतंच.

वकीलबाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "मॅडम, घरात मिटलेलं प्रकरण परत काढता येतं का?"

"कुणी मिटवलं?"

मी साडीचोळीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याचे उपकार आहेत. म्हणाल्या, "ताई, असला गुन्हा घरच्यांना मिटवताच येत नाही. साडी देऊन नाही, गूळ वाटूनही नाही."

मग त्यांनी सावकाश समजावलं. लहान मुलांसाठीचा पोक्सो कायदा माझ्या प्रसंगानंतर आला, तो मागे जाऊन लागत नाही. माझ्या बाबतीत तेव्हाचं जुनं दंडविधान लागेल. त्यात किरकोळ शिक्षेच्या कलमांना तक्रारीची मुदत असते, गंभीर गुन्ह्यांना नसते. म्हणून नेमकं काय झालं ते सांगावं लागेल. मी टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं. सांगताना मी परत चौथीतली झाले होते. ऐकून त्या म्हणाल्या, "याला मुदतीची आडकाठी नाही." जबाब बाई अधिकारी घेईल, नाव कुठे छापता येणार नाही. पण इतकी वर्षं का थांबलात, हे समोरचा वकील विचारणारच, आणि पुराव्याचं अवघड आहे, हेही त्यांनी लपवलं नाही.

मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "बैठकीत तो 'चूक झाली' म्हणाला? ते ऐकणारं कोण हयात आहे?"

आजोबा गेले. मामी नवऱ्याविरुद्ध बोलणार नाही. उरली माझी आई. ज्या बैठकीनं माझं तोंड बंद केलं, तीच आता माझ्या कामाची होती.

त्याच दिवशी मी माहेरी गेले. आई तुरीची डाळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं, वकीलबाईंचं, भाचीचं. फ्रॉकचंही सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"म्हंजे मिटलंच नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मले वाटलं, त्यानं चारचौघांत मान खाली घातली, आता तो पोरीबाळींकडे पाहणार नाही." मग ती पदराआड रडली. मला तिची कीव आली आणि रागही आला, आणि राग येतो याची पुन्हा लाज. संध्याकाळी भाऊ शेतातून आला तेव्हा तिनंच त्याला समोर बसवून सांगितलं. तो माझ्याकडे बघू शकला नाही. पोर कुठेही गेली नाही.

पोलीस ठाण्यात माझा जबाब झाल्यावर बाई अधिकाऱ्यांनी आईला विचारलं. आईनं बैठक सांगितली, कोण कुठे बसलं होतं ते सांगितलं, मामाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. अधिकारी म्हणाल्या, "ठीक आहे मावशी, एवढं पुरे."

आई उठली नाही.

"अजून एक राह्यलं. तो मान खाली घालून बसला होता, अन् म्या माह्या लेकीले त्याच्या पाया पडायले लावलं. ते बी लिहा."