चौदा नंबरचा पडदा

टीव्हीवर हेप्सीमावशी कधी बोललीच नाही. आमच्या गल्लीत मात्र तिला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

नीट सांगते. जेरल्ड रशवर्थ आमच्या हॅगथॉर्प गावचाच. खाणकामगाराचा मुलगा, शिष्यवृत्ती मिळवून शिकायला गेला तो तिकडचाच झाला, लंडनला नाटकं लिहायला लागला. ती नाटकं बघायला आम्ही कुठे जाणार? त्यामुळे आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता. पण मग तो टीव्हीसाठी लिहायला लागला आणि आमची पंचाईत झाली. त्याचं नवीन काही लागणार असलं की आमची अख्खी गल्ली, चॅपल रो, जेवणं उरकून टीव्हीपुढे बसायची, यंदा कोणाची पाळी ते बघायला. माझ्या सासऱ्यांचं कबुतरांचं वेड त्याने उचललं, पोस्टातल्या बाईचं नाक उडवून बोलणं उचललं. लोक चिडायचे. आपण त्यात नसलो तर जास्त चिडायचे.

आणि प्रत्येक गोष्टीत एक विधवा असायची. काळा कोट, मिटलेले ओठ. रस्त्याच्या कडेने पिशवी घेऊन जायची, तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तीही कोणाशी नाही. तिला नाव नाही, वाक्य नाही. ती कोण हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं.

"मेल्याने मला एक वाक्य दिलं नाही आजवर," हेप्सीमावशी माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणायची. कोपऱ्यावरचं मासे-चिप्सचं दुकान माझं, आणि शुक्रवारी ती यायची म्हणजे यायचीच. "एवढी बडबडी बाई त्याला मुकी दिसते. कान तपासून घे म्हणावं. आणि फ्रीडा, व्हिनेगर घालताना हात आखडता घेऊ नकोस, बापाचं चाललंय का तुझ्या?"

तिचं पूर्ण नाव हेफ्झिबा लम. नवरा ईनॉक लम. सव्वीस सालच्या संपात सगळे खाणकामगार काम सोडून बसलेले असताना ईनॉक कामावर परत गेला. का गेला ते तिने कधी सांगितलं नाही. कोणी आडून विचारलं तर म्हणायची, "ते त्याचं आणि माझं. तुला काय करायचंय?" आमच्याकडे संप मोडणाऱ्याला माफी नाही, त्याच्या नातवंडांनाही नाही. आठ वर्षांनी छत कोसळून ईनॉक खाणीतच मेला, तेव्हाही कोणी विसरलेलं नव्हतं.

गल्लीतून मयत निघाली की रस्त्यावरच्या प्रत्येक घराने पुढच्या खिडकीचा पडदा ओढायचा, ही आमची रीत. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याचा पडदा तर आधीपासूनच बंद असतो, पेटी गेल्यावरच उघडतो. बाकीच्यांनी शवपेटी दिसली की ओढायचा, ती वळणाआड गेली की उघडायचा. भांडण असलं तरी ओढायचा. ईनॉकची पेटी गेली तेव्हा चॅपल रोमधला एकही पडदा हलला नाही. सगळ्या खिडक्या उघड्या आणि खिडक्यांत माणसं उभी. मी चार वर्षांची होते, मला आठवत नाही, पण आमचीही खिडकी उघडीच होती. हेप्सीमावशी पेटीमागून एकटी चालत गेली. परत येऊन तिने मयतीच्या जेवणासाठी उकडलेला अख्खा हॅम टेबलावर मांडला आणि कोणी आलं नाही. "दोन आठवडे तोच खाल्ला," ती मला एकदा म्हणाली. "चांगला झाला होता. वाया कशाला घालवू?"

ईनॉकला आंघोळ घालायला, कपडे चढवायलाही कोणी आलं नव्हतं. ते तिने एकटीने केलं. म्हणून हात तयार झाला असेल. पुढे गल्लीत ते काम करणारी म्हातारी वारली, आणि मग एका रात्री कोणीतरी नाइलाजाने हिचं दार वाजवलं. ती गेली. त्यानंतर कोणाहीकडे माणूस गेलं की हेप्सीमावशीला बोलावणं जायचं, आणि तिने एकाही घराला नाही म्हटलं नाही. ज्यांनी ज्यांनी खिडकी उघडी ठेवली होती, त्यांना सगळ्यांना तिने धुवून पुसून, केस विंचरून पाठवलं. आणि प्रत्येकाची पेटी निघाली की आपला चौदा नंबरचा पडदा सगळ्यांच्या आधी ओढायची. माझ्या आईचंही तिनेच केलं. "तुझ्या आईची पावलं फार देखणी होती गं," असं नंतर मला म्हणाली. मला लाजेने मान वर करवेना. तिला मात्र बिलकुल लाजबीज नव्हती, चहात तिसरा चमचा साखर घालून घेतली.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये जेरल्डने ईनॉकची तीच मयत टीव्हीसाठी लिहिली, आणि चित्रीकरणाला मंडळी थेट आमच्या गल्लीत आली. गाड्या, तारा, दिवे, काळ्या घोड्यांची जुनी शववाहिका. विधवा म्हणून एक सुंदरशी नटी आणली होती. तिचं घर म्हणून गल्लीच्या टोकाचं रिकामं घर घेतलं. आम्ही सगळ्यांनी गल्लीतली माणसं म्हणून आपापल्या खिडकीत उभे राहायचं होतं. ज्युलियन नावाचा दिग्दर्शक, गळ्यात हा एवढा लांब मफलर, घरोघर सांगून गेला, "काहीच करायचं नाही. पेटी जाईल, तुम्ही बघायचं. पडद्याला हात लावायचा नाही."

माना डोलावल्या सगळ्यांनी. घोडे निघाले, पेटी वळणावर दिसली, आणि चॅपल रोमधले सगळेच्या सगळे पडदे सपासप ओढले गेले. ठरवून नाही हो. हातच गेले. माझासुद्धा गेला. फुटपाथवर उभ्या केलेल्या बाप्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या. ज्युलियनने मफलर काढून जमिनीवर आपटला.

दुसऱ्या खेपेला आम्ही हात मागे बांधून उभे राहिलो. यावेळी जमलं. फक्त चौदा नंबरचा पडदा सरकन बंद झाला. तिसऱ्या खेपेलाही तेच.

ज्युलियन तिच्या दाराशी गेला. मी मंडळींसाठी चिप्स घेऊन तिथेच उभी होते, सगळं ऐकलं.

"बाई, ती पेटी रिकामी आहे," तो अगदी गोड आवाजात म्हणाला.

"हो का? मग ते चौघं एवढी तोंडं पाडून का चाललेत?"

"ते नट आहेत."

"मग मीही आहे की. मला गल्लीतली शेजारीण व्हायला सांगितलंयत ना? मी शेजारीण झाले."

"पण स्क्रिप्टमध्ये स्पष्ट आहे, एकही पडदा हलत नाही."

"ते ज्याने लिहिलं त्याला पाठव," मावशी म्हणाली. "आणि दार लाव, गार वारा आत येतोय."

ज्युलियन तणतणत म्हणाला की हे घर वगळून टाकू, कॅमेरा दुसऱ्या टोकाला लावू म्हणजे चौदा नंबर दिसणारच नाही. मावशीने ते ऐकलं. तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तिने माझी बाही धरली आणि मला आत ओढलं.

"फ्रीडा, अख्खा देश बघणार हे," ती म्हणाली. "एकदा गेला ईनॉक तसा, गल्लीने बघितला. आता पुन्हा तसाच पाठवतायत त्याला, सगळ्यांच्या देखत. मी नाही जाऊ देणार."

जेरल्ड आला. सत्तेचाळीसचा झाला होता, केस मागे गेलेले, कोट भारी. पण स्वयंपाकघरात शिरताना पायपुसण्यावर दोनदा पाय पुसले, तेवढं बरं वाटलं मला. मावशीने विचारलं नाही, चहा ओतला आणि आल्याचा केक पुढे सरकवला.

"मिसेस लम," तो म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही लिहिलं मी हे. उलट आहे. या गल्लीने काय केलं ते दाखवायचंय मला. त्या दिवशी एकही पडदा हलला नाही. हेच खरं आहे, आणि तुमच्या बाजूने आहे."

"माझी बाजू तुला कोणी सांगितली? पंधरा वर्षं मला रस्त्याने चालवतोयस. कधी विचारलंस, मावशी, काय म्हणणं आहे तुमचं?"

त्याने केकचा तुकडा तोडला आणि तसाच ठेवला.

"आता ऐक," ती म्हणाली. "त्या दिवशी माझा पडदा बंदच होता, मयतीचं घर माझं. मला ओढायला मिळालाच नाही. आज विधवा ती दुसरी बाई आहे, मी शेजारीण आहे. ईनॉकसाठी शेजाऱ्याने पडदा ओढायचा राहिलाय, तो मी ओढणार. तू कॅमेरा फिरव नाहीतर डोक्यावर घे."

जेरल्डने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी ओढत होतो."

"काय?"

"नऊ नंबर. आठ वर्षांचा होतो. पेटी दिसली आणि मी पडद्याला हात घातला, नेहमीच्या सवयीने. आईने फाडकन हातावर मारलं आणि तो धरून ठेवला, तुम्ही वळणाआड जाईपर्यंत. हेप्सीमावशी, मी तेवढं एक कधीच लिहू शकलो नाही."

लहानपणी म्हणायचा तसं मावशी म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नसावं. आणि आमची हेप्सीमावशी, जिला गप्प बसवणारा जन्मायचा होता, ती गप्प बसली. किटलीचं झाकण तेवढं खुडखुडत होतं.

"नऊ नंबरचा पडदा वीतभर सरकला आणि मागे गेला," ती शेवटी म्हणाली. "मी बघितला होता. पेटीमागून चालताना तेवढंच बघितलं मी, बाकी काही नाही. वाऱ्याने हलला असेल म्हणून मनाची समजूत घालायचे, आणि पुन्हा वाटायचं, नाही, हात होता कोणाचा तरी. म्हणजे तू होतास तो."

"मी होतो."

"बरं," ती म्हणाली, आणि एप्रनला डोळे पुसले, मग त्याच एप्रनने टेबलही पुसलं. "मग आता कोणी धरलाय तुझा हात? आई तर तुझी बिचारी गेली. मीच घातली तिला आंघोळ."

जेरल्ड उठला. बाहेर जाऊन ज्युलियनच्या हातातली स्क्रिप्ट घेतली, खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. ज्युलियन म्हणत होता की असं ऐनवेळी चालत नाही. जेरल्ड म्हणाला, "चौदा नंबर आहे तसं राहणार. कॅमेरा आहे तिथे राहणार." मग मागे वळून मावशीला विचारलं, "वाक्य हवंय का एखादं? देतो."

"आता कशाला?" ती दारातून म्हणाली. "पडदा पुरे. आणि केक टाकून उठलायस, तो घेऊन जा."

चौथ्या खेपेला पेटी गेली, आम्ही सगळे हात बांधून उभे राहिलो, आणि चौदा नंबरचा पडदा शांतपणे ओढला गेला. माझा हात शिवशिवत होता. कॅमेरा होता म्हणून गप्प राहिले.

जूनमध्ये ते टीव्हीवर लागलं. हेप्सीमावशीचा टीव्ही बिघडलेला होता, म्हणून ती माझ्याकडे आली. लग्नानंतर मी नऊ नंबरमध्येच राहते, रशवर्थांच्या जुन्या घरात. संध्याकाळची वेळ, जूनचं ऊन अजून रस्त्यावर होतं. मावशीने चपला काढून पाय स्टुलावर घेतले आणि सुरुवातीपासून तोंड सुरू केलं. "ही बाई मी? एवढी बारीक कमर माझी लग्नातसुद्धा नव्हती." "त्या घोड्याला कोणीतरी खायला घाला रे." मी हसून हसून दमले.

मग पेटी आली. मावशीने पाय स्टुलावरून खाली घेतले. उघड्या खिडक्यांची रांग, खिडक्यांत आमचे चेहरे, दगड ठेवल्यागत. माझाही चेहरा. बघवेना मला. मी उठले आणि खोली ओलांडून आमच्या खिडकीचा पडदा ओढला, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ऊन येतंय का गं डोळ्यांवर?" मावशीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिला कळलं. टीव्हीवर चौदा नंबरचा पडदा बंद झाला आणि पेटी वळणाआड गेली. नावं वर सरकायला लागली, तशी ती चपला शोधू लागली.

मी तिला सोडायला दार उघडलं. बाहेर लख्ख उजेड होता, आणि चॅपल रोच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. एकेका घराचा पडदा ओढलेला, पेटी गेली तरी अजून कोणी उघडला नव्हता. पोस्टातल्या बाईचा, माझ्या कबुतरवेड्या सासऱ्यांचा, त्या टोकाच्या नव्या जोडप्याचासुद्धा, ज्यांनी ईनॉकचं नावही ऐकलं नसेल. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. जो तो आपल्या घरात टीव्हीपुढे बसला होता आणि पेटी दिसल्यावर उठला होता.

मावशी उंबऱ्यावर उभी राहिली. हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने एकेक खिडकी बघितली. माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला.

"मावशी, तुमचा तेवढा उघडा राहिलाय," मी म्हटलं. ती माझ्याकडे बसलेली, तिच्या घरात ओढणार कोण? "जाऊन ओढू का मी?"

"नको," हेप्सीमावशी म्हणाली. "पेटी वळणाआड गेली की मयतीच्या घराने पडदा उघडायचा असतो. गेला तो आता. राहू दे उघडा."

मग ती रस्त्याच्या मधोमध चालत घरी गेली.