पंचाच्या खुर्चीत मी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे तोडू नका. झालं ते सांगतो, पण त्यात माझी अक्कल शोधू नका. ती त्या दिवशी घरी राहिली होती.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. रोज सभा, रोज मोर्चा. मी परळच्या एका मिलमध्ये घडी खात्यात, कापड तपासायला. तागा पुढे आला की डाग, तुटका धागा दिसेल तिथे खडूची खूण करायची. माझा पुतण्या बबन कापड विणायच्या साळखात्यात बदलीवर. म्हणजे सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी आला नाही तर काम, नाहीतर घरी. त्यामुळे लग्न जमेना. बदलीवाल्याला मुलगी देतो कोण?

पण पोराचा ठोसा जबर. मिलच्या बॉक्सिंग टीममध्ये एक जागा होती, आणि टीममध्ये शिरला की नोकरी कायम. त्या जागेसाठी लढत लागली बबनची आणि साचे खात्यातल्या पीटरची.

मला पहिल्यापासून वास येत होता. कुस्तीत कसं, पाठ मातीला लागली की अख्ख्या लालबागला दिसतं. इथे रिंगच्या तीन बाजूंना तीन पंच. एकमेकांशी बोलत नाहीत, गुपचूप चिठ्ठीवर काहीतरी खरडतात आणि शेवटी सांगतात, अमका पॉइंटवर जिंकला. कुठले पॉइंट? तुम्ही बघितले? अहो, ज्यांच्या हातून आपली मुंबई आपल्याला सुटत नव्हती, त्यांच्या हातून पॉइंट सुटणार होते?

मी ग्लोव्हज दाबून बघितले, आत लोखंड आहे का. पाण्याची बाटली हुंगली. घंटेवाल्याचं घड्याळ कानाला लावलं. बॉक्सिंग शिकवणारा फर्नांडिस मास्तर, माझगावचा, माझ्या वयाचा, तो वैतागला.

"तात्या, आता रेफरीचे दात मोजतो काय?"

"पंच कोण कोण ते सांग."

"दोन आलेत. तिसरा ट्राम बंद म्हणून अडकलाय."

"अडकलाय का अडकवलाय?"

मास्तरानं कपाळावर हात मारला. "मग तूच बस तिसऱ्या खुर्चीत. पीटर, चालेल काय रे?"

"चालेल ना," पीटर म्हणाला. "खुर्चीत तरी गप बसेल."

इतक्या सहज हो म्हणाला, तेव्हा माझा संशय दुप्पट झाला. पण बसलो. आपला माणूस आत नको?

मास्तर समजवायला लागला, "मुठीच्या पुढच्या भागानं स्वच्छ ठोसा लागला, तोंडावर नायतर छाती-पोटावर, की खूण करायची. हातावर अडवला तर नाय. आता नीट ऐक, ती खूण..."

"मला खुणा शिकवतोस? जन्म गेला माझा त्यात. शेवटी मोजायच्या, एवढंच ना?"

"हां, पण..."

"पण-बिण काही नाही. घंटा वाजव."

वाजली. बबन सुटलाच. पीटरचं नाक, खूण. पीटरची बरगडी, खूण. मधे पीटरनंही दोन-चार दिले, त्याच्याही केल्या. एकदा पीटर पाय घसरून पडला, लोक नाचायला लागले, पण मी खूण केली नाही. ठोसा लागलाच नव्हता. इमान म्हणजे इमान. समोरचा पंच मात्र सारखा कान खाजवत होता. कुणाला इशारा देत होता हो? माझं अर्धं लक्ष त्याच्या कानावर.

लढत संपली. चिठ्ठ्या गेल्या. आणि रेफरीनं हात वर केला पीटरचा.

मी खुर्चीवर चढलो. "लबाडी आहे ही. ज्यानं मार खाल्ला तो जिंकला?"

लोक मोर्च्यांत तयार झालेले, मी ओरडायचा अवकाश. "चोर पंच कोण आहे? नाव सांगा, नाव सांगा!" सगळं मैदान एका सुरात. मी हात वर करून ताल देतोय.

मास्तर जवळ आला. हळू म्हणाला, "तात्या, उतर खाली."

"नाव सांग."

"दोन पंचांचं जमलं नाय. एक बबनला देतो, एक पीटरला. तिसऱ्यावर निकाल लागला."

"मग त्या तिसऱ्याचं नाव सांग. मोठ्यानं सांग."

त्यानं माझी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "पीटरच्या नावाखाली एवढ्या खुणा कोणी केल्या?"

"मीच केल्या. किती ठोसे खाल्ले त्यानं. एवढे डाग पडले की माल बाद."

मास्तर खाली बसला. "अरे बाबा, खूण मारणाऱ्याच्या नावावर करतात. खाणाऱ्याच्या नाय. तू काय तागे तपासत होतास?"

पुढच्या चारपाच जणांनी ऐकलं, त्यांनी मागे सांगितलं. घोषणा थांबली नाही. फक्त आता तिच्यात माझं नाव होतं.

पंचांनी दिलेला निकाल फिरत नाही म्हणे. पीटर कायम झाला, बबन पुन्हा गेटवर. घरात माझ्याशी कुणी बोलेना. बबन बोलायचा, पण ग्लोव्हज घातल्यासारखा जपून.

पुढच्या वर्षी जागा निघाली. मी लांब, पार कुंपणाला टेकून उभा राहिलो. घंटा वाजली आणि पहिल्याच ठोशात बबननं समोरच्याला असा झोपवला की दहा मोजेपर्यंत तो उठलाच नाही. पंचांच्या चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या. नोकरी कायम, आणि लग्नाचीही बोलणी सुरू.

मी म्हटलं, "बबन, एवढी कसली घाई केलीस? जरा खेळ तरी दाखवायचास."

"काका," तो म्हणाला, "आज पण एक पंच यायचा राहिला होता. मास्तर तुमच्याकडेच बघत होते."