एक बूच जास्त

माझा मामा भित्रा होता, हे आमच्या घरात कुणी कधी लपवलं नाही. मामी त्याला तोंडावर भागूबाई म्हणायची आणि तोही मान डोलवायचा. कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारा हा माणूस लढाईच्या दिवसांत बंदरावर मेकॅनिक होता. लष्कराच्या जीप समुद्रातून चालतील अशा करणं हे त्याचं काम. परक्या किनाऱ्यावर मोठी चढाई व्हायची होती. गुपित राहावं म्हणून तिच्या दिवसाला नाव म्हणून नुसतं एक अक्षर दिलेलं. तारीख कुणालाच ठाऊक नव्हती.

मामा वायरींवर मेणाचा लगदा थापायचा, धुराचा पाइप डोक्याच्या वर चढवायचा आणि शेवटी क्लचच्या पेटीखालचं भोक बुचाने बंद करायचा. ते उघडं राहिलं तर क्लचमध्ये पाणी शिरून गाडी ऐन गोळीबारात उभी राहणार. म्हणून बूच बसेपर्यंत स्टिअरिंगला लाल चिंधी बांधलेली असे. आधी बूच, मग चिंधी सोडायची, हा नियम. मामा मात्र चिंधी आधीच सोडून ठेवायचा. हवाई हल्ल्याचा भोंगा कधीही वाजेल, बूच ठोकलं की पळायला मोकळं असावं, एवढंच त्याच्या डोक्यात.

एका सकाळी बूच हातात असतानाच भोंगा वाजला. मामाने ते खिशात कोंबून खंदकात उडी घेतली. विमान काही आलं नाही. तो बाहेर आला आणि चिंधी नाही म्हणजे बूच बसलंय असं समजून पुढच्या जीपकडे वळला. दुपारी सगळ्या चाळीस जीप जहाजात चढल्या. तंबाखूसाठी खिशात हात घातला तर बूच लागलं, आणि मामाची पाचावर धारण बसली.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर घातपाती म्हणून गोळी घालतील असं त्याला वाटत होतं. तरी तो जहाजाच्या तोंडाशी उभ्या अधिकाऱ्याकडे गेला.

"साहेब, एका जीपला बूच नाही. कुठल्या, ते माहीत नाही."

अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. "जहाज थांबणार नाही. शोधायचं तर आत जा. दार बंद झालं की बाहेर येता येणार नाही."

मामा आत गेला. एकेका जीपखाली पाठीवर सरकत चाचपू लागला. तो पुढे मला म्हणायचा, "पाय पळायलाच बघत होते रे, पण मी आडवा होतो." एकतिसावी चाचपत असताना दार बंद झाल्याचा आवाज आला. त्याच जीपचं भोक उघडं होतं.

वर बसलेल्या ड्रायव्हरची बोबडी वळली होती. "काका, बसलं का नीट?"

"बसलं," मामा म्हणाला आणि पुन्हा एकदा ठोकलं.

दुसऱ्या सकाळी जहाजाचं तोंड उघडलं. मामा आतल्या खांबाला मिठी मारून बघत होता. एकतिसावी समुद्रात उतरली आणि पाणी ड्रायव्हरच्या छातीपर्यंत चढलं. शेजारच्या जहाजातून उतरलेली जीप मध्येच बंद पडली आणि तिच्यातलं कुणीच किनाऱ्याला लागलं नाही. एकतिसावी वाळूवर चढली. पुढे तिचं काय झालं ते मामाला कधीच कळलं नाही.

जखमींना घेऊन जहाज परतलं, तेव्हा मामा घरी आला. कुठे होता भागूबाई, असं मामीने दारातच विचारलं. त्याने सगळं सांगितलं, बूच नसलेला खिसा उलटा करून दाखवला आणि उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडला.

मामीने ते नाव पुन्हा घेतलं नाही. मामा कुत्र्याला बघून रस्ता बदलतच राहिला.