हरण्याचा अर्धा इंच

घरात कारवानी जातीचा शिकारी कुत्रा असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यासारखे घरभर होतात! आमच्या ह्यांनी घाटावरून हरण्या आणला तेव्हा माझी सुमी अजून रांगतही नव्हती. मी म्हटलं, "ह्याला साखळीत ठेवा, नाहीतर मी पूर्णगडला माहेरी चालले!"

ह्यांनी शब्द दिला, "कुत्र्यांच्या क्लबचे साहेब येऊन तपासतील. जातीच्या नियमात बसला नाही तर परत पाठवीन."

तेव्हापासून मी रोज देवाला सांगायची, नापास कर रे त्याला!

*

नियमांचं पुस्तक इंग्रजी. हे अर्थ सांगायचे: तोंड निमुळतं, छाती खोल, कमरेची हाडं वर दिसली पाहिजेत! शेजारच्या काकी म्हणाल्या, "काय गो, उपाशी ठेवतेस काय त्याला?"

"काकी, हाडं दिसली तर मार्क मिळतात!"

काकींनी माझ्या किडकिडीत सुमीकडे पाहिलं. "मग हिला पैला नंबर द्या!"

मी त्या दिवशी जेवले नाही.

*

ह्यांनी शिंप्याची टेप आणून उंची मोजली. "छत्तीस इंच! साहेब चाट पडतील!" आळीभर सांगून आले. मग पुस्तक पुन्हा वाचलं. उंची खांद्यापर्यंत मोजायची होती. ह्यांनी कानापर्यंत मोजली होती!

*

एकदा साखळी सुटली. समोर कातळावर ससा दिसला. मी सुमीला उचलून दार लावलं नि खिडकीतून पाहते तर काय, हरण्याचे चारही पाय जमिनीच्या वर! पळणारं काही दिसलं की तो थांबतच नाही. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "अगो, हा कुत्रा नव्हे, वारा बांधलाय दारात!"

*

शेवटी कोल्हापूरचे साहेब आले. साखळी काढून हरण्याला अंगणात उभं केलं, खांद्याला पट्टी लावली. तेवढ्यात सुमी रांगत गेली नि त्याचा पुढचा पाय धरून उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा! मी धावणार, तर साहेबांनी हातानेच थांबवलं.

नेमकी काकींची मांजर समोरून पळाली. हरण्याची नजर तिच्यामागे गेली, अंगभर कातडी थरथरली. पाय मात्र हलला नाही. सुमी आपणहून खाली बसेपर्यंत!

साहेबांनी पट्टी पाहिली. "अर्धा इंच कमी. नापास."

ह्यांनी साखळी उचलली. "तीनची एस.टी. मिळेल."

"ती साखळी ठेवा खाली," मी म्हटलं. "सुमीला परत उभं राहायचंय."